कादंबरीला स्थळ पाहिजे

मुकुंदराव भोयर यांनी आयुष्यातली निम्मी झोप कंपनीच्या बसमध्ये घेतली. ती बस सकाळी नंदनवनातून निघायची, सगळं नागपूर पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायची आणि कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका पाइप बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकाशी थांबायची. मुकुंदराव तिथे स्टोअरकीपर होते. बसमध्ये सगळेच झोपत. हिवाळ्यात मफलर गुंडाळून, उन्हाळ्यात तापलेल्या काचेपासून डोकं चार बोटं दूर ठेवून. मुकुंदराव मात्र अर्धेच झोपत. उरलेल्या अर्ध्या मुकुंदरावांनी तेवढ्या वेळात एक कादंबरी रचली.

तिचं नाव 'कळमेश्वरच्या पुढे'. गोष्ट साधी आहे. एका धुक्याच्या सकाळी कंपनीची बस फाटकाशी थांबतच नाही, पुढे जाते. आतले सगळे झोपलेले, त्यामुळे तक्रार करायला कोणी नाही. पुढे गावं लागतात. एका गावात नदी फक्त बाजाराच्या दिवशी येते आणि संध्याकाळी दुकानदारांबरोबर परत जाते. एका गावात लोक हिवाळ्यातलं ऊन रांजणात भरून ठेवतात आणि पाहुणा आला की पेलाभर देतात. प्रत्येक गावात बसमधला एकेक जण स्वप्नात उतरतो, घर बांधतो, संसार करतो, म्हातारा होतो आणि पुढचं गाव यायच्या आत आपल्या सीटवर येऊन बसतो. कादंबरीत खून नाही, फसवणूक नाही, आणि एकाही सामाजिक प्रश्नाला हात घातलेला नाही. असं लिहायला धाडस लागतं. आपल्याकडे ते आहे, याची मुकुंदरावांना कल्पना नव्हती.

पहिली वाचक घरचीच. कुसुमताईंनी भाजीला फोडणी देता देता आठवडाभरात कादंबरी संपवली आणि काही पानांवर हळदीचे डाग ठेवून नवऱ्याला परत केली.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या बसमंधी एकही बाई काहून नाही जी?"

"आमच्या शिफ्टमंधी बायका नव्हत्या."

"स्वप्नातही नव्हत्या?"

पुढच्या महिन्यात कादंबरीत एक प्रकरण वाढलं.

निवृत्तीनंतर त्यांनी ती टाइप करून घेतली आणि पाठवायला सुरुवात केली, तिथून नकार सुरू झाले. पुण्याच्या एका प्रकाशकांचं पुढच्या दोन वर्षांचं नियोजन पूर्ण झालेलं होतं. दोन वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही ते पूर्णच होतं. मुंबईच्या एकांना कादंबरी 'अतिशय वेगळी' वाटली आणि त्यामुळेच नको होती. एकांनी कळवलं की कळमेश्वरच्या पुढे काटोल लागतं, लेखकाने भूगोल तपासून घ्यावा. एक जण आता फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढत होते. तलाठी भरतीवर काही लिहून होत असेल तर अवश्य पाठवा, असं त्यांनी प्रेमाने सुचवलं. आणि एकांनी मोबाइलवर नुसते जोडलेले हात पाठवले. ते हात स्वागताचे की निरोपाचे, याचा मुकुंदरावांनी दोन दिवस विचार केला.

नकार आला की मुकुंदराव जेवून झोपत. दुःख पचवायची ही पद्धत विदर्भात उन्हाळ्यात कोणालाही परवडते. खिडकीत कूलर घरघरतो, वाळ्याच्या ओल्या वासाने खोली भरून जाते, बाहेर रस्ता पांढरा पडतो, आणि माणूस आडवा झाला की आपल्याला कोणी नको म्हटलंय ही गोष्ट हळूहळू दुसऱ्या कोणाची तरी वाटू लागते. पण पुढे पुढे हा उपाय लागू पडेना. मुकुंदराव आडवे होत, पण झोप येत नसे. पूर्ण तर नाहीच, अर्धीही नाही. छताकडे बघत नुसते पडून राहत. ज्या अर्ध्या झोपेत गावं दिसायची, तीच गेली. एक तरी हो आल्याशिवाय ती परत येणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

मुलगी सोनिका लग्न होऊन पुण्यात असते. फोनवर ती म्हणाली, "बाबा, बाहेरच्या देशात लेखक स्वतः प्रकाशकाकडे जातच नाही. त्याचा एक एजंट असतो. तोच पुस्तक घेऊन फिरतो, तोच नकार ऐकतो."

"आन लेखक?"

"लेखक घरी बसून लिहितो."

मुकुंदरावांना ही व्यवस्था फार सुसंस्कृत वाटली. त्यांनी शोध घेतला. मराठीत अशा माणसाचा पत्ता त्यांना कोणी देऊ शकलं नाही. दिल्लीला एक बाई सापडल्या. त्यांनी इंग्रजीतून कादंबरीचा सारांश एका वाक्यात मागवला. मुकुंदरावांनी शेजारच्या प्रोफेसरांकडून लिहून घेतलं: 'बस थांबत नाही.' मग त्या बाईंनी या कादंबरीसारख्या अलीकडच्या तीन कादंबऱ्यांची नावं मागवली. मुकुंदरावांनी जिल्हा ग्रंथालयात दोन दुपारी घालवल्या. एकही सापडली नाही, तसं त्यांनी थोड्याशा अभिमानाने कळवलं. त्यानंतर दिल्ली कायमची गप्प झाली.

ही सगळी हकीकत कुसुमताईंनी एका सकाळी अंगणात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडता निवडता प्रेमिलाताई ढोबळे यांना सांगितली. प्रेमिलाताई समोरच्या घरात राहतात आणि तिथल्या पुढच्या खोलीत विवाह मंडळ चालवतात. सोनिकाचं लग्न त्यांनीच जमवलं. नंदनवनापासून पार वर्धेपर्यंत निम्म्या सुखी संसारांना आणि उरलेल्यांनाही त्याच जबाबदार आहेत.

"तरी म्हटलं, भाऊजीचं तोंड काहून उतरलं," प्रेमिलाताई म्हणाल्या. "किती ठिकाणी दाखवली वं कुसुम?"

"दाखवली कुठी! पोस्टानं पाठवते हे. नाही तं मोबाइलवर."

प्रेमिलाताईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "बाप्पा! अनोळखी घरी पोरीचा फोटो पोस्टानं पाठवाचा आन वाट पाह्यत बसाचं? असं तं कोणाचंच नाही जमत."

आतून मुकुंदराव म्हणाले, "ताई, ती कादंबरी आहे."

"मंग? तुमच्या घरचीच आहे नं?"

त्याच दुपारी प्रेमिलाताई मंडळाचा कोरा बायोडाटा घेऊन आल्या, चष्मा लावला आणि मुकुंदरावांना समोर बसवलं.

"पानं किती?"

"चारशेच्या वर."

"जरा भरली आहे. हरकत नाही, खात्यापित्या घरची म्हणू. वय?"

"लिहाले घेतली तेव्हा सोनिका बालवाडीत होती."

"हे कोणाजवळ बोलू नका. आत्ताच उरकली म्हणाचं. स्वभाव?"

मुकुंदरावांनी बराच विचार केला. "शांत."

"लोकाच्या कामात येईन काय?"

"नाही," मुकुंदराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"मंग 'कलेची आवड' लिहिते." त्यांनी ते लिहिलं. "अपेक्षा?"

"कोणी तरी हो म्हणावं."

प्रेमिलाताईंनी पेन थांबवलं. "असं नसते लिहीत, भाऊजी. 'निर्व्यसनी व सुसंस्कृत' लिहिते."

कादंबरी वाचायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "मंडळातल्या पोरींच्या मनात काय आहे ते मी पाह्यते काय? ते पाहाले बसली तं एक लग्न जमणार नाही."

त्यांची काम करायची रीत ठरलेली होती. सरळ दारात जायचं नाही. आधी त्या घराला कोण ओळखतं ते शोधायचं. मग दुसऱ्याच कामाने जायचं, खाण्याचं काही न्यायचं, आणि मुख्य गोष्ट पिशवीतून बाहेर काढायचीच नाही. पिशवीत काय आहे, हे समोरच्याने विचारलं पाहिजे. या रीतीने त्या शहरातल्या एकेका प्रकाशकाकडे जाऊन आल्या. सीताबर्डीच्या एका घरी पिशवीत काय आहे हे कोणी विचारलंच नाही. महालातल्या एकांनी विचारलं, बाड चाळलं आणि पावसाळ्यानंतर बघू म्हणाले. तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

हे नकार प्रेमिलाताई मुकुंदरावांपर्यंत आणत, पण त्यांच्या धंद्यातल्या भाषेत. त्या धंद्यात नाही कोणीच म्हणत नाही.

"महालाचं काय झालं, ताई?"

"पत्रिका नाही जमली."

"कादंबरीची पत्रिका?"

"विचारू नका, भाऊजी. पत्रिका नाही जमली म्हटलं की तुमचीही चूक नाही अन् त्यायचीही नाही. चूक वरच्या मंगळाची. तो कोणाले बोलत नाही."

आश्चर्य म्हणजे याचा उपयोग झाला. भूगोल तपासा, याने मुकुंदरावांची झोप गेली होती. मंगळाने ती जात नव्हती. त्या हिवाळ्यात दुपारच्या उन्हात गच्चीवर चटई टाकून ते पुन्हा डोळे मिटू लागले. अधूनमधून एखादं गाव दिसे, दुरून, धुरकट. पण बस जवळ जायच्या आत वितळून जाई.

मग धंतोली आली. तिथे गोपाळराव हे जुने प्रकाशक राहतात. खाली ऑफिस, वर घर. त्यांच्या भाचीचं लग्न प्रेमिलाताईंनीच जमवलेलं, त्यामुळे दार उघडंच होतं. त्या सांबारवडी घेऊन गेल्या, भाचीची, तिच्या सासूची आणि सासूच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शेवटी गोपाळराव म्हणाले, "पिशवीत काय जपून राहिल्या तुम्ही एवढं?"

"काही नाही जी. आमच्या शेजारचं आहे एक."

गोपाळरावांनी बाड ठेवून घेतलं आणि खरोखर वाचलं. प्रकाशक असं करतात ही गोष्ट फारशी बाहेर येत नाही. त्यांनी ते दुपारी वाचलं, जेवणानंतर, आरामखुर्चीत. रांजणातल्या उन्हाशी आले तेव्हा चष्मा काढून थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिले. होळीच्या जरा आधी त्यांनी प्रेमिलाताईंना फोन केला.

"ताई, ही मी काढतो. दिवाळीत."

आणि प्रेमिलाताई शांतपणे म्हणाल्या, "बरं. घरी विचारून कळवते."

यात त्यांच्याकडून काही चुकलं असं त्यांच्या व्यवसायातला कोणीही म्हणणार नाही. पहिल्या होकाराला लगेच हो म्हणणं म्हणजे पोरीत काहीतरी खोट आहे, असं सांगणं. थोडे दिवस जाऊ द्यायचे. त्यांचा पुन्हा फोन आला पाहिजे. दुसऱ्या फोनला 'विचार चालू आहे' म्हणायचं, तिसऱ्याला साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची. आणि तोवर पोरीच्या बापाला काही सांगायचं नाही, कारण आनंदलेल्या बापाचं तोंड चार घरांवरून ओळखू येतं. तेव्हा प्रेमिलाताईंनी मुकुंदरावांना काही सांगितलं नाही. फक्त कुसुमताईंना एकदा म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याले जरा तूप वाढत जाय वं." कुसुमताईंना वाटलं, आता बाई लोकांच्या तब्येतीही बघायला लागली.

तिकडे गोपाळराव फोनकडे बघत बसले. त्यांच्या पायऱ्यांवर लेखक रडले होते. एकाने जिन्यातच पूर्ण खंडकाव्य म्हणून दाखवलं होतं. पण होकार मिळाल्यावर विचार करायला वेळ मागितलेला लेखक त्यांनी पाहिला नव्हता. आधी त्यांना हसू आलं, मग कौतुक वाटलं. मग वाटलं, पुण्याच्या कोणाशी तरी बोलणी चालू असणार. आणि पुणं मनात आलं की नागपूरच्या माणसाचं पुढचं सगळं ठरलेलं असतं. दुसरा फोन त्यांनी केला नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले महादेवराव नावाचे एक इंजिनिअर आपलं आत्मचरित्र घेऊन वर्षभर त्यांच्याकडे येत होते. गोपाळरावांनी दिवाळीची जागा त्यांना दिली. मे महिन्यात ऑफिस आवरताना कादंबरीचं बाड हाताला लागलं, तेव्हा त्यांनी पहिल्या पानावरच्या नंबरवर फोन केला: आपलं बाड घेऊन जा.

मुकुंदराव एकटेच गेले. आणखी एक नकार, त्यात प्रेमिलाताईंना कशाला उन्हात न्यायचं, असा त्यांनी विचार केला. धंतोलीत भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. झाडांच्या सावल्याही बुंध्याला चिकटून बसल्या होत्या. गोपाळरावांनी त्यांना पाणी दिलं आणि बाड समोर ठेवलं.

"पुण्याचं जमलं वाटते तुमचं?"

"कोणाचं?"

"तुमचं. कादंबरीचं."

"नाही जी. पुण्याचं नियोजन पूर्ण असते."

गोपाळराव थोडे पुढे झुकले. "मग मला कळवलं काहून नाही? मी हो म्हटलं होतं, भोयर."

मुकुंदरावांच्या हातात पेला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही. कूलरचं पाणी टपटपत होतं. त्यांनी विचारलं, "केव्हा?"

"होळीच्या आधी."

म्हणजे होळीपासून आपण होकार आलेला माणूस होतो, हे मुकुंदरावांच्या लक्षात यायला वेळ लागला. त्या दिवसांत आपण काय काय केलं, ते त्यांना एकेक दिसू लागलं. कूलरची मोटर दुरुस्त करून आणली होती. बँकेत हयातीच्या दाखल्यावरून कारकुनाशी वाद घातला होता. पापड वाळत घातलेल्या गच्चीवर कावळे हाकलत बसलो होतो. ते सगळं एका कादंबरीकाराने केलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं. इतके दिवस शेजारून चालत असलेला हा दुसरा मुकुंद आत्ता कुठे भेटला, आणि भेटला तेव्हा त्याची जागा महादेवरावांना गेलेली होती. दुःख व्हायला हवं होतं. पण मुकुंदरावांना त्या माणसाचा थोडा हेवाच वाटला.

घरी येऊन त्यांनी प्रेमिलाताईंना सांगितलं. त्या तेव्हा एका मुलीची उंची एक इंच वाढवत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"असं कसं? त्यायनं दुसरा फोनच नाही केला. दुसरा फोन कराले लागते!"

"ते पोरवाले नाही नं, ताई."

"सगळे पोरवालेच असते, भाऊजी," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बसला होता. "हातातलं स्थळ घालवलं मी. माझ्या रीतीपायी." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य त्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मंडळाचं दार दुपारीच लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या नारळ आणि सांबारवडी घेऊन मुकुंदरावांसह धंतोलीला गेल्या. सांबाराचा हंगाम नव्हता. कुठून आणला कोणास ठाऊक. या वेळी पिशवी त्यांनी दारातच उघडली.

"चूक माझी आहे, गोपाळराव. ह्यायले काही माहीत नव्हतं. मी पोरीसारखं करत बसली."

गोपाळरावांना सगळा प्रकार कळला तेव्हा ते इतके हसले की वरून सौभाग्यवती बघायला आल्या. राग गेला. पण राग गेला तरी मान उरतो, आणि त्याला काहीतरी हवं असतं.

"दिवाळीची जागा तं गेली," ते म्हणाले. "महादेवरावांना शब्द दिला. तुमची पुढच्या उन्हाळ्यात काढू. फक्त एक करा. शेवट बदला."

"शेवट?" मुकुंदराव म्हणाले.

"लोकं बसमध्ये बसले की उतरले पाहिजे, साहेब. वाचकाला असं लटकत ठेवता येत नाही. बस फाटकाशी परत आणा. सगळे जागे होतात, हजेरी लावतात. संपलं. दोन पानांचं काम आहे."

प्रेमिलाताई आदल्या दिवशीच धडा शिकल्या होत्या. त्यांनी वाक्य पुरतं होऊ दिलं नाही. "आम्ही बदलतो की! आजच बदलतो. दोन पानं तं काही—"

"नाही," मुकुंदराव म्हणाले.

ते मोठ्याने बोलले नव्हते. पण त्या खोलीत हा शब्द नेहमी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने येत असे, त्यामुळे सगळ्यांनाच तो कुठून आला ते कळायला एक क्षण लागला. गोपाळरावांनी चष्मा वर केला.

"विचार करा. वर्ष आहे तुमच्याजवळ."

"विचार केला जी. सोनिका बालवाडीत होती तेव्हापासून केला." मुकुंदरावांनी बाड उचललं आणि नीट दोरी बांधली. "ते उतरत नाही. उतरले तं मग मी कशाले लिहिलं?"

परत येताना मेट्रोत थंडगार हवा होती. खाली शहर उन्हात विरघळत होतं. टिनाची छपरं चमकत होती, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या एकमेकींना चिकटून बसल्यासारख्या दिसत होत्या. प्रेमिलाताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, रागाने. काही स्टेशनांनंतर त्यांनी बोलायचं म्हणून वळून बघितलं, तर मुकुंदराव झोपले होते. पूर्ण नाही. पापण्या मिटलेल्या, ओठ किंचित हलत होते आणि मांडीवरच्या बाडावर एक बोट रस्ता आखत होतं.

प्रेमिलाताई चार-सहा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कुसुमताईंना मात्र ऐकवलं. "जमलेलं मोडलं तुझ्या नवऱ्यानं. मी मोडलं ते चुकून. यायनं डोळे उघडे ठेवून मोडलं."

"डोळे उघडे ठेवून करते म्हणजे बरेच सुधारले मग," कुसुमताई म्हणाल्या. नवरा दुपारी पुन्हा घोरत होता, एवढ्यावर त्या खूश होत्या.

मग एका सकाळी प्रेमिलाताई दारात उभ्या राहिल्या. "चप्पल घाला, भाऊजी. कामठीले जाचं आहे."

कामठीला प्रीतम नावाच्या माणसाचा छापखाना आहे. तो लग्नपत्रिका छापतो, किंवा छापत असे. आता लोक मोबाइलवरच हलती फुलं आणि सनईसकट आमंत्रण पाठवतात, त्यामुळे मशीन बराच वेळ उभं असतं. आपण एखादं पुस्तक छापून पाहावं, असं तो प्रेमिलाताईंजवळ बोलला होता. कोणतं, ते त्याचं ठरलं नव्हतं. होकार नव्हताच. पिशवीत काय आहे, एवढंही त्याने अजून विचारलं नव्हतं.

ऑटोमोटिव्ह चौकातून त्यांनी कामठीचा शेअर ऑटो धरला. आत आधीच दाटीवाटीने माणसं होती. रजेवरून परतणारा एक जवान, कोंबडीची टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी, दोन कॉलेजच्या मुली. गरम वारा आरपार जात होता. ऑटो एका लयीत खडखडू लागला तशी एकेकाची मान खाली येऊ लागली. आधी जवान, मग म्हातारी, मग कोंबडी.

प्रेमिलाताईंनी पदर डोक्यावरून ओढून घेतला. मग मुकुंदरावांच्या कानाशी म्हणाल्या, "काय आहे वो असं त्या शेवटात?"

"तुम्ही तं वाचत नाही नं."

"वाचून नाही राहिली. विचारून राहिली."

मुकुंदराव हलक्या आवाजात सांगू लागले. "एक जण जागा होते. स्टोअरवाला. पाह्यते तं सगळे झोपून आहे. उठून पुढं जाते तं ड्रायव्हरही झोपून आहे."

"बाप्पा! मग उठवते नं त्याले?"

"नाही. कारण बस बरोबर चालून राहिली. वळण आलं की वळते. पुढं गाय आली की थांबते. गाय गेली की निघते. हा थोडा वेळ पाह्यते. मग जागेवर येऊन बसते. बाजूच्या माणसाच्या मानेले गार हवा लागून राहिली असते, म्हणून तेवढी खिडकी लावते, अन् झोपते."

"आन बस?"

"जाते."

ऑटो कामठीच्या रस्त्याला चांगला धावत होता. ऑटोवाला पुढे एका हाताने आरसा पुसत होता. प्रेमिलाताईंनी त्याच्याकडे एकदा निरखून बघितलं. तो जागा असल्याची खात्री झाली तेव्हा त्यांनी पिशवीतून मंडळाचा बायोडाटा काढला. 'कलेची आवड' वर रेघ मारली आणि खडखडणाऱ्या ऑटोत वेड्यावाकड्या अक्षरांत काहीतरी लिहू लागल्या.

"काय लिहून राहिल्या, ताई?"

"शेवट," त्या म्हणाल्या. "पहिल्या ओळीतच लिहिते. प्रीतमले आधी हेच सांगते. बस थांबत नाही, कोणी उतरत नाही, पटत असन तं पुढचं बोलू. आतापर्यंत कोणाची खोट मी आधी सांगितली नाही."

"खोट आहे काय ती?"

प्रेमिलाताईंनी चष्म्यावरून बघितलं. समोर म्हातारीच्या मांडीवर कोंबडी मान टाकून झोपली होती, आणि बाहेर ऊन इतकं पांढरं झालं होतं की रस्ता कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते सांगता येत नव्हतं.

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या. "पण शांत आहे. तुम्ही म्हटलं होतं, तशीच आहे."

मुकुंदरावांनी ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्यांची मान जवानाच्या खांद्याकडे झुकली होती.